अंगठ्याच्या नखाची परीक्षा

अमेरिकेतल्या घरी पहिल्यांदा जपानी स्वयंपाक करू पाहणाऱ्याने एकच पुस्तक घ्यायचं ठरवलं, तर मी शिझुओ त्सुजी यांचं ‘जॅपनीज कुकिंग : अ सिंपल आर्ट’ सुचवेन. 1980 साली ते इंग्रजीत, परदेशी वाचकासाठी निघालं. प्रस्तावना अमेरिकन लेखिका एम. एफ. के. फिशर यांची. त्सुजी आधी वार्ताहर होते, पुढे ओसाकात पाककलेची शाळा चालवू लागले. बातमीदाराचा नेमकेपणा आणि मास्तरांचा धीर त्यांच्या दाशीच्या कृतीत एकत्र आलाय.

दाशी म्हणजे जपानी सूप-रश्शांचं मूळ पाणी. लिटरभर थंड पाणी, 30 ग्रॅम कोम्बू म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि तेवढाच सुकवलेल्या बोनिटो माशाचा पातळ कीस. एवढंच साहित्य. कोम्बू पाण्यात घालून भांडं न झाकता अशा आचेवर ठेवायचं, की दहाएक मिनिटांत उकळी यावी. आणि उकळी फुटण्याच्या जरा आधी कोम्बू बाहेर.

‘जरा आधी’ म्हणजे कधी? इथेच बहुतेक पाककृती नवशिक्याला वाऱ्यावर सोडतात. त्सुजी सोडत नाहीत. पट्टीच्या सगळ्यात जाड भागात अंगठ्याचं नख रुतवा, म्हणतात. रुतलं, तर चव पाण्यात उतरली. नाही रुतलं, तर आणखी मिनिट-दोन मिनिटं आत; तेवढ्यात पाणी उकळू लागलं, तर थोडं गार पाणी ओता. आपण शीत चेपून भात पाहतो, त्यातलीच ही गोष्ट. मला पुस्तकातली ही सर्वांत देखणी सूचना वाटते. ग्रॅम आणि मिनिटं अगदी चोख देणारा लेखक शेवटचा निर्णय मात्र वाचकाच्या बोटावर सोपवतो.

कारणही तो देतो, पण एका वाक्यात : उकळलेल्या कोम्बूला उग्र वास येतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली याच कोम्बूतून त्याच्या चवीमागचं ग्लुटामेट वेगळं काढलं होतं. ते रसायनशास्त्र इथे पाजळलेलं नाही. कीस घातल्यावरही तीच घाई. पुन्हा उकळी आली की लगेच गॅस बंद, कीस तळाशी बसू द्यायचा, मग फडक्यातून गाळायचं. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, तर अगदी शेवटी कालवायचा. त्यानंतर सूप उकळायचं नाही. ‘खळखळून उकळू दे’ ऐकत वाढलेल्या मराठी हाताला हे जड जातं, हे खरं.

पुस्तकाचा भर मासळीवर आहे, त्यामुळे शाकाहारी वाचकाला ते थोडं परकं वाटेल. पण नुसत्या कोम्बूची, किंवा सुकवलेल्या शिटाके अळंबीची दाशी जपानी मठांच्या स्वयंपाकात रुळलेली आहे आणि नखाची परीक्षा कोम्बूला तिथेही लागू पडते. मात्र शाकाहारी असाल, तर दुकानात मिसोचा डबा घेताना मागची यादी वाचा : काही मिसोंत माशाची दाशी आधीच मिसळलेली असते.