ताळा जुळला, सूत्र चुकलं : पेनाइटचे दोन पेपर वाचताना

‘पेपर चिकित्सक नजरेनं वाच’ हा सल्ला पीएचडीच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाला मिळतो. म्हणजे नक्की काय करायचं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक जण मग शेवटचे निष्कर्ष वाचतात, एखादी उणीव शोधतात आणि सेमिनारला तीच सांगतात. आज एका खनिजाच्या निमित्तानं वेगळ्या प्रकारे वाचून बघू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

खनिज आहे पेनाइट. ‘जगातलं सर्वांत दुर्मीळ खनिज’ अशा व्हिडिओंमध्ये तुम्ही त्याचं नाव ऐकलं असेल. आर्थर पेन या रत्नसंग्राहकाला १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रह्मदेशातल्या मोगोक भागात एक गडद लाल, षट्कोनी स्फटिक मिळाला. वजन फक्त १.७ ग्रॅम. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि १९५७ मध्ये क्लॅरिंगबुल, मॅक्स हे आणि पेन यांनी ‘मिनरॉलॉजिकल मॅगझीन’मध्ये नवं खनिज म्हणून त्याचं वर्णन छापलं. (लेखकांतले पेन वेगळे, संग्राहक पेन वेगळे. इंग्रजी स्पेलिंगही वेगळं.)

या पेपरचं मोजमाप उत्तम आहे. काठिण्य ८, घनता ४.०१, वक्रीभवनांक १.८१५९ आणि १.७८७५. हे आकडे आजही टिकून आहेत. टिकलं नाही ते रासायनिक सूत्र. एका युनिट सेलमध्ये कॅल्शियम ४, ॲल्युमिनियम २०, बोरॉन १, सिलिकॉन १, ऑक्सिजन ३८ आणि हायड्रोजन १, असं ते होतं.

आता ताळा करून बघा. सेलची एक बाजू सुमारे ८.७२ आणि उंची सुमारे ८.४६ अँग्स्ट्रॉम. षट्कोनी सेलचं घनफळ येतं साधारण ५५७ घन अँग्स्ट्रॉम. त्याला घनतेनं गुणा, मग ०.६०२२ ने गुणा. सेलचं वस्तुमान आलं सुमारे १३४५. सूत्रातल्या अणुभारांची बेरीज करा : सुमारे १३४८. छान जुळलं! विद्युतभारही तपासा. धन ७६, ऋण ७६. तेही जुळलं. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क.

आणि तरीही सूत्र चुकीचं होतं. १९७६ मध्ये मूर आणि अराकी यांनी ‘अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट’मध्ये पेनाइटची स्फटिकरचना दिली. त्यात सिलिकॉन नाही, हायड्रोजन नाही. उलट जुन्या सूत्रात ज्याचा पत्ताच नव्हता ते झिर्कोनियम आहे. सेलमध्ये कॅल्शियम २, झिर्कोनियम २, बोरॉन २, ॲल्युमिनियम १८, ऑक्सिजन ३६. या अणुभारांची बेरीज सुमारे १३४६. नव्या सूत्रावरून टक्केवारी काढली तर झिर्कोनियम ऑक्साइड १८ टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे खनिजाचा जवळजवळ पाचवा हिस्सा हिशोबातून सुटला होता आणि ताळा तरीही जुळत होता!

हे कसं झालं? युनिट सेलमधले अणू काढायची नेहमीची रीत अशी : घनतेवरून सेलचं वस्तुमान काढायचं, विश्लेषणात आलेल्या टक्केवारीनुसार ते वाटून द्यायचं आणि प्रत्येक वाट्याला अणुभारानं भागायचं. आता वस्तुमान वाटूनच सूत्र तयार केलं असेल, तर सूत्राची बेरीज त्या वस्तुमानाइतकी येणारच. भारांचंही तेच. विश्लेषण ऑक्साइडांच्या रूपात मांडतात आणि प्रत्येक ऑक्साइड मुळात उदासीन असतं, मग त्यांच्या बेरजेत भार शिल्लक राहणार कुठून? झिर्कोनियमचा वाटा दुसऱ्यांच्या नावावर चढला. जुन्या सूत्रात कॅल्शियम ऑक्साइड १६.६ टक्के येतं, खरं आहे ८.३.

तर माझी टीका १९५७ च्या विश्लेषणावर नाही. हातात एवढासा स्फटिक, तोही जपून ठेवायचा. त्यातून मिलिग्रॅममध्ये नमुना घेऊन केलेलं ते काम आहे. टीका आहे ती आपल्या वाचण्याच्या सवयीवर. दोन आकडे जुळले की आपण पुढचं पान उलटतो. ते जुळण्यावाचून दुसरं काही होऊ शकलं असतं का, हे विचारत नाही. जो ताळा ‘नाही’ म्हणूच शकत नाही, त्याच्या ‘हो’ला किंमत किती?

१९७६ ची तपासणी ‘नाही’ म्हणू शकत होती. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. कॅल्शियमकडे इलेक्ट्रॉन २०, झिर्कोनियमकडे ४०. झिर्कोनियमच्या जागी कॅल्शियम बसवून गणित केलं, तर मोजलेल्या तीव्रतेशी ते जुळत नाही. हा पुरावा टक्केवारीवर अवलंबून नाही. पुढे १९८६ मध्ये तिसऱ्या स्फटिकाचा अभ्यास झाला, २००४ मध्ये रचना पुन्हा तपासली गेली, आणि झिर्कोनियम जागेवरच राहिलं.

आता वर्गीकरणाकडे या, कारण नेट-सेटला विचारतात ते हेच. पेनाइट कुठल्या वर्गात? उत्तर : बोरेट. एक बोरॉन आणि तीन ऑक्सिजन यांचा सुटा त्रिकोण त्यात आहे, म्हणून मोनोबोरेट. उत्तर बरोबर आहे, पण बोरॉन ऑक्साइड वजनानं जेमतेम ५ टक्के आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड ६८ टक्के. सूत्रातल्या १८ ऑक्सिजनपैकी बोरेटच्या त्रिकोणात फक्त ३. उरलेल्या १५ चं काय?

इथं सूत्र लिहिण्याच्या दोन पद्धती शेजारी ठेवून बघा. प्रचलित सूत्रात बोरॉन आणि ३ ऑक्सिजन कंसात असतात. मूर-अराकींनी कंसात टाकले ९ ॲल्युमिनियम आणि १८ ऑक्सिजन. अणू तेच, कंस हलला. पहिलं सूत्र सांगतं, हे बोरेट आहे. दुसरं सांगतं, ही ॲल्युमिनियम-ऑक्सिजनची चौकट आहे. तिच्यात उभ्या पोकळ्या आहेत; एका प्रकारच्या पोकळीत बोरॉन आणि झिर्कोनियम, दुसऱ्या प्रकारच्या पोकळीत कॅल्शियम. मला दुसरी मांडणी जास्त पटते. मूर-अराकींनी पेनाइटचं जेरेमेजेवाइट आणि फ्लुओबोराइट या दोन बोरेटांशी असलेलं नातं दाखवलं, ते रचनेतून. नुसत्या ‘मोनोबोरेट’ या लेबलवरून ते कळलं नसतं. पण यादीत खनिज शोधायला पहिलीच पद्धत सोयीची, हेही मान्य करायला हवं. परीक्षेत ‘बोरेट’ लिहा. संशोधनात मात्र हा कंस कुणी, कशासाठी घातला, ते विचारा.

‘दुर्मीळ’ या शब्दाचंही तसंच. कित्येक वर्षं पेनाइटचे दोन-तीनच स्फटिक माहीत होते. पुढे मोगोक भागातच त्याचे ढिगानं तुकडे सापडले. घनता स्फटिकाची असते. दुर्मीळपणात आपण किती शोधलं, हेही मिसळलेलं असतं.

पुढचा पेपर वाचाल तेव्हा एवढं करा. ‘हे त्याच्याशी जुळतं’ असं वाक्य आलं की पेन्सिलनं खूण करा आणि समासात लिहा : दोन्ही आकडे एकाच मोजमापातून आलेत का? सुरुवात स्वतःच्या संशोधन प्रस्तावापासून केलीत, तर उत्तम. माझ्या प्रस्तावात अशा दोन खुणा निघाल्या.