बँडमागे चालणारा कान

आधी एक खुलासा. मी राहतो ते बेलूर म्हणजे हळेबीडजवळचं, होयसळांच्या देवळाचं नव्हे. धारवाडहून बेळगावकडे निघालं की कारखान्यांचं बेलूर लागतं, ते माझं.

धारवाडकडच्या माणसाला गाण्याचा कान असतो, असं आपण अभिमानानं सांगतो. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हानगल, बसवराज राजगुरू ही नावं घेतली की आपला संगीताचा इतिहास पुरा होतो. भीमसेन जोशींची एक गोष्ट मात्र आपण नुसती गंमत म्हणून सांगतो. गदगला लहानपणी ते मिरवणुकीतल्या बँडमागे चालत जात आणि दमून कुठंतरी झोपून जात. शेवटी वडिलांनी सदऱ्यावरच लिहून ठेवलं, ‘जोशी मास्तरांचा मुलगा’. त्या कानाला बँड हे संगीत वाटलं. आपल्याला का वाटत नाही?

हा प्रश्न मला बेळगावला पडला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये नात्यातल्या मुलाची कसम परेड होती. या रेजिमेंटच्या बोधचिन्हात ढाल-तलवारींबरोबर बिगुलही आहे, हे आपण वाचलेलं असतं. त्याचा अर्थ मैदानावर कळतो. बाकीचे पालक रांगेत आपापला मुलगा शोधत होते, आणि मी खुर्चीत बसून नकळत पावलांनी ठेका धरला होता. शेकडो पावलं एकदम पडतात ती हुकमामुळं नव्हे, ढोलामुळं.

पण कौतुकावर थांबलो तर ही समीक्षा नव्हे. लष्करी बँडमध्ये मला बॅगपाइप सर्वांत जवळचा वाटतो. त्याचे आधारस्वर तंबोऱ्यासारखे अखंड चालू राहतात. मधे श्वासाची फट नसते, म्हणून तोच स्वर पुन्हा वाजवायचा तर बारीक कणस्वर घालावाच लागतो. आपल्या कानाला हे परकं नाही. पितळी बँडचं तसं नाही. 2022 साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून ‘अबाइड विथ मी’ गेलं, 2023 साली सगळ्या 29 धुना भारतीय होत्या आणि त्यांत रागांवर भर होता. धून बदलली, मांडणी तीच राहिली. मिनिटाला 120 पावलांच्या चौकटीत राग बसवला की त्याचा आरोह-अवरोह उरतो, चाल उरत नाही. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीत मींड आयती आहे. पण त्याला बहुतेक वेळ आधाराचे स्वरच धरून बसायला लावतात. यात वाजवणाऱ्याचा दोष नाही. दोष मांडणीचा, आणि तसंच ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या आपला.

हे वादक घडतात तरी कुठं? पचमढीला 1950 पासून लष्कराची संगीतशाळा आहे. तिथं स्वरलेखन शिकून आलेला माणूस परेडला क्लॅरिनेट वाजवतो आणि लढाईत स्ट्रेचर उचलतो. बँडवाल्यांचं युद्धातलं काम जखमींना मागं आणण्याचं असतं. ‘कदम कदम बढ़ाए जा’ आपल्यातल्या प्रत्येकाला येतं. पण त्याची चाल गोरखा रायफल्समधून आझाद हिंद सेनेत गेलेल्या रामसिंह ठाकुरींची, हे किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या मंडळाच्या निबंधांत पलटणींची पदकं आहेत, काहूनच्या वेढ्यासारख्या लढाया आहेत, बँडवाला एकही नाही. हा आरोप माझ्यावरही आहे. परेड संपल्यावर ट्रॉम्बोनवाला माझ्या शेजारूनच गेला. मी त्याला नाव विचारलं नाही, मुलाबरोबर फोटो काढायच्या घाईत होतो.

तेव्हा एवढंच सुचवतो. बेळगाव-धारवाड पट्ट्यात निवृत्त बँडवाले राहतात. त्यांच्याकडे जाऊ, त्यांचं वाजवणं ध्वनिमुद्रित करू, कोणती धून कुणी बसवली ते लिहून घेऊ. आणि वाजवणं फसलं असेल तर फसलं म्हणू. गायकाला आपण तेवढा मान देतोच की!