गुप्त संघटनेचा अर्थ : नाशिकच्या 'मित्रमेळ्या'च्या संदर्भात

जिचे अस्तित्वच लपविलेले असते ती गुप्त संघटना, ही रूढ व्याख्या पंचवटीच्या पैलतीरावरील जुन्या नाशकातच अपुरी पडते. १८९९ मध्ये तेथे विनायक दामोदर सावरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'राष्ट्रभक्तसमूह' हे गुप्त मंडळ स्थापिले आणि १९०० च्या आरंभी 'मित्रमेळा' ही त्याची प्रकट शाखा काढली. मेळा गणेशोत्सव व शिवजयंती चारचौघांत साजरी करी. झाकलेले होते ते उद्दिष्ट. संघटना सर्वांना ठाऊक, पण तिचे हेतू वा नियम अज्ञात, हाही गुप्ततेचाच प्रकार, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज सिमेल यांनी म्हटले आहे.

१९०४ मध्ये या मेळ्यातूनच 'अभिनव भारत' ही संस्था उभी राहिली. तिच्याबाबत खरी अडचण साधनांची आहे. अशी संघटना कागदोपत्री अवतरते ती बहुधा खटल्यात. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या झाडून ठार केले. आपली बरीचशी माहिती त्यानंतरच्या जबान्यांतून आणि पुढे सभासदांनीच लिहिलेल्या आठवणींतून येते. कट मोठा दाखविण्याची सरकारला निकड, कार्य मोठे दाखविण्याची आठवणीकारांना स्वाभाविक ओढ. दोन्ही साक्षी जुळतात एवढ्यावरून त्या निर्णायक मानणे युक्त नव्हे. कान्हेरे-कर्वे यांचा गट 'अभिनव भारत'ची शाखा होता, की लंडनहून आलेल्या पिस्तुलांपुरताच तिच्याशी जोडलेला, हे शपथ व आदेश यांच्या स्वतंत्र पुराव्यावरूनच ठरवावयास हवे.