कमरपट्ट्यापासून काचपेटीपर्यंत : नेत्सुके, इन्रो आणि संग्राहकाचे निकष

१

जपानी नेत्सुके आज अभ्यासकाला भेटते ते बहुधा काचपेटीत. खाली मखमलीची बैठक, वरून दिव्याचा झोत, शेजारी कारागिराचे नाव, द्रव्य व काळ सांगणारी चिठ्ठी. आणि मधोमध दीड-दोन इंचांचा एखादा पहुडलेला बैल, अंग चोरून बसलेला उंदीर किंवा हॅट घातलेला डच व्यापारी. पाहणारा प्रथम आकाराच्या लहानपणाने थक्क होतो, मग कोरणीच्या बारकाव्याने. आणि एवढ्याशा जागेत एवढे शिल्प, असा उद्गार काढून पुढच्या पेटीकडे वळतो. नेत्सुकेविषयीच्या पुष्कळशा लेखनाचा सूरही याहून फारसा निराळा नाही. हा उद्गार चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. त्यातून मूल्यमापनाचे जे निकष रूढ झाले, ते वस्तूच्या स्वभावातून आलेले नसून तिच्या आजच्या निवासस्थानातून आलेले आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हा वाद केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही. हस्तिदंताच्या व्यापारावरील अलीकडच्या कायद्यांमुळे 'हे नेत्सुके श्रेष्ठ का?' या प्रश्नाच्या उत्तराला व्यवहारातही वजन आले आहे. त्याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे. तत्पूर्वी ही वस्तू मुळात काय होती, हे पाहणे अवश्य आहे.

२

किमोनोला खिसे नसतात. बाहीच्या घोळात किंवा छातीशी एखादी हलकी वस्तू ठेवता येई. पण औषधाची डबी, तंबाखूची पिशवी, पैशांचा बटवा अशा वस्तू एदो काळातील (१६०३ ते १८६८) पुरुष कमरपट्ट्यापासून लोंबत्या ठेवीत. आपल्याकडे धोतराच्या कनवटीने आणि चंचीने जे काम केले, ते तेथे या लोंबत्या वस्तूंनी केले. त्यांना 'सागेमोनो' अशी सामान्य संज्ञा आहे. रेशमी दोरीच्या एका टोकाला डबी. मध्ये दोरी आवळण्यासाठी 'ओजिमे' हा सरकता मणी. आणि पट्ट्याच्या मागून वर काढलेली दोरी निसटू नये म्हणून दुसऱ्या टोकाला बांधलेली खुंटीवजा वस्तू, ती नेत्सुके. ज्या दोन चिन्हांनी हा शब्द लिहितात त्यांचा अर्थ 'मूळ' आणि 'जोडणे' असा आहे. नावात शिल्पाचा निर्देश नाही, कामाचा आहे.

या कामाने कारागिरावर काही बंधने घातली. पहिले असे की, दोरी ओवण्यासाठी 'हिमोतोशी' म्हणजे दोन भोके हवीत, आणि ती अशा जागी हवीत की, वस्तू लोंबत असता तिचे मुख बाहेरच्या बाजूस राहील. पुष्कळदा एक भोक दुसऱ्याहून मोठे असते, कारण दोरीची गाठ त्यात लपवावयाची असते. दुसरे असे की, कोठेही टोक निघता कामा नये. टोक निघाले तर बाहीचे रेशीम अडकेल किंवा टोक तरी मोडेल. तिसरे असे की, वस्तू बोटांनी सर्व बाजूंनी हाताळली जाणार. म्हणून तिचा तळही पुढच्या बाजूइतकाच काळजीने घडविला पाहिजे.

ही बंधने म्हणजे कलेवरील जुलूम नव्हे. या कलेचे व्याकरणच त्यांतून सिद्ध झाले आहे. क्योतोच्या तोमोतादाची ख्याती पहुडलेल्या बैलांसाठी आहे. पाय पोटाखाली घेतलेला, मान वळवून अंगाशी आणलेला हा बैल मूठभर जागेत मावतो, त्याचे एकही अंग बाहेर डोकावत नाही, आणि तरीही त्याच्या देहाचा जडपणा कोठे उणावत नाही. ही मांडणी केवळ बैलाच्या निरीक्षणातून आलेली नाही. दोरी, पट्टा आणि बोटे यांच्या अपेक्षाही तीत सामावल्या आहेत. चपट्या गोल 'मांजू' प्रकाराचे किंवा पट्ट्यात खोचावयाच्या लांबट 'साशी' प्रकाराचे सौंदर्यही याच रीतीने उलगडते. त्यांना मूर्तिशिल्पाच्या मापाने मोजू गेल्यास ती निव्वळ गोळी आणि काडी ठरतील.

यात चौथी गोष्ट काळाची. वर्षानुवर्षे कपड्यावर घासून आणि हातात फिरून हस्तिदंताचा रंग मधासारखा होतो, लाकडाच्या कडा मवाळ होतात, भोकांच्या कडा दोरीने झिजतात. या घासलेपणाला संग्राहक 'आजी' म्हणजे रुची असे जपानी नाव देतात. म्हणजे ही वस्तू कारागिराच्या हातून सुटली तेव्हा पुरी झालेली नव्हती. धारण करणाऱ्यानेही तिच्यावर काम केले. निर्मितीचे श्रेय असे दोघांत विभागले जाते, हे नेत्सुकेचे वैशिष्ट्य मूर्तिशिल्पाच्या परिभाषेत बसत नाही.

३

दोरीच्या दुसऱ्या टोकाचा विचार केल्यावाचून हे विवेचन एकांगी राहील. तेथे बहुधा 'इन्रो' असे. एकावर एक घट्ट बसणारे तीन ते पाच कप्पे, दोन्ही अंगांतील नळीवजा मार्गांतून गेलेली दोरी, आणि सर्वांगावर उरुशीचे काम.

मराठीत या कामाला आपण 'लाखकाम' म्हणतो. पण या शब्दाने घोटाळा होतो. सावंतवाडीच्या कामातील लाख किड्यापासून मिळते आणि उष्णतेने मऊ होते. उरुशी हा एका झाडाचा चीक आहे. ते झाड बिब्ब्याच्या कुळातील असून त्याचा ओला चीक बिब्ब्याप्रमाणेच अंगावर उततो. तो उन्हात वाळत नाही. दमट व उबदार हवेत, हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो. म्हणून पातळ थर देणे, तो दमट पेटीत घट्ट होऊ देणे, घासणे आणि पुन्हा थर देणे, असा हा क्रम दीर्घकाळ चालतो. 'माकिए' पद्धतीत ओल्या उरुशीने आकृती रेखून तिच्यावर सोन्याची पूड शिंपडतात. 'तोगिदाशी' या तिच्या प्रकारात त्यावर पुन्हा उरुशी चढवून कोळशाने घासत जातात, तेव्हा आतील आकृती पृष्ठाशी समतल होऊन वर येते.

येथे एक विरोध ध्यानात घ्यावा. घर्षणाने नेत्सुकेची रुची वाढते. इन्रोवरील सोने मात्र घर्षणाने उडते. दोरीच्या एका टोकाला काळाचे स्वागत आहे, तर दुसऱ्या टोकाला त्याचे भय. एकाच मनुष्याच्या कमरेवर हे दोन्ही भाव एकत्र नांदत होते, आणि त्या जोडणीतच सागेमोनोचा खरा आस्वाद आहे. शिबाता झेशिन (१८०७ ते १८९१) याने तर झीज हाच उरुशीचा विषय केला. चिनी शाईच्या जुन्या, तडकलेल्या, कोपरे उडालेल्या वडीसारखे दिसणारे त्याचे इन्रो वस्तुतः नवे आणि अभंग असते. आधी ओगावा हारित्सू (१६६३ ते १७४७) याने हाताळलेली ही युक्ती झेशिनने परिपूर्ण केली. केवळ 'हुबेहूब नक्कल' म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्याच्या हाती तिचे मर्म लागणार नाही. नेत्सुकेला वापराने जे मिळते, ते इन्रोला कारागिराने आधीच देऊन ठेवले आहे.

४

ही जोडणी तुटली कशी? १८६८ नंतर मेइजी राजवटीत पोशाख पालटला. १८७१ मध्ये शेंडी व तलवार टाकून देण्यास मोकळीक मिळाली. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर सर्वसाधारण बंदी आली. पाश्चात्त्य कोटाला खिसे होते, आणि तंबाखूच्या चिलमीची जागा हळूहळू सिगारेटने घेतली. नेत्सुकेचे काम संपले, तेव्हाच युरोपात जपानी वस्तूंची ओढ शिगेला पोचली होती. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात जपानी शासनाने अधिकृतपणे भाग घेतला; पॅरिसमध्ये झीगफ्रीड बिंग व हायाशी तादामासा यांच्यासारखे व्यापारी पुढे आले. नेत्सुके मुठीत मावणारी, मोजता येणारी आणि रांगेत मांडता येणारी वस्तू असल्याने ती संग्राहकाला विशेष सोयीची वाटली. दोरी सोडली गेली. नेत्सुके एका कपाटात आणि इन्रो दुसऱ्या कपाटात गेले.

परक्या हाती गेलेल्या वस्तूचे असे विच्छेदन जपानी लाक्षाकामाला नवे नव्हते. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये बेर्नार व्हान रिझनबर्ग आणि मार्तां कार्लां यांच्यासारखे कारागीर जपानी लाक्षाकामाचे पत्रे कापून आपल्या मेजांवर व कपाटांवर बसवीत. त्याच काळी मारी आंत्वानेतने, आई मारिया तेरेझा हिच्याकडून १७८० मध्ये वारशाने आलेल्या जपानी डब्या मात्र अखंड जपल्या. कापणारा आणि जपणारा हे दोघेही वस्तूचे चाहतेच होते; परंतु दोघांनाही ती पृष्ठ म्हणून हवी होती, वापराची वस्तू म्हणून नव्हे.

नेत्सुकेच्या बाबतीत हे विच्छेदन अभ्यासातही उतरले. आल्बेर्ट ब्रोकहाउस यांचा १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेला जर्मन ग्रंथ पायाभूत आहे यात शंका नाही; पण त्याच्या उपशीर्षकातच हा विषय जपानी कोरीवकलेच्या इतिहासात घातलेला आहे. एकदा इतिहास कोरीवकलेचा ठरला की, त्याला कर्ते लागतात. कर्त्यांना नावे लागतात. आणि नावे स्वाक्षऱ्यांवरून काढावी लागतात. येथेच या निकषाची दुर्बलता उघडी पडते. ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू याने १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'सोकेन किशो' या सात खंडांच्या ग्रंथात पन्नासाहून अधिक नेत्सुकेकारांची नोंद आहे. त्यातच तोमोतादाच्या बैलांची नक्कल पुष्कळ होते, असे सांगितले आहे. उलट त्याच यादीत मानाचे स्थान असलेल्या योशिमुरा शूझानने आपल्या रंगीत काष्ठ-नेत्सुकेंवर स्वाक्षरीच केली नाही. एकाची स्वाक्षरी हवी तितकी सापडते, दुसऱ्याची मुळीच नाही. अशा स्थितीत स्वाक्षरीला प्रमाण मानणारी समीक्षा कोणत्या आधारावर उभी राहणार?

५

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. संग्राहक नसता तर या वस्तू टिकल्या असत्या काय? ज्या काळात जपानी समाजात त्यांचा वापर ओसरला, त्या काळात परकीयांनी त्या जपल्या, नोंदल्या, प्रसिद्ध केल्या. उएदा रेइकिची यांचा जपानी ग्रंथ १९४३ चा आहे. तो इंग्रजी वाचकांपुढे १९६१ मध्ये आणणारे रेमंड बुशेल हेही संग्राहकच होते. शिवाय 'जपानी वापरतो आणि युरोपीय जमवतो' ही विभागणीही खरी नाही. इनाबा त्सूर्यू हा स्वतः तलवारीच्या साजाचा व्यापारी होता, आणि त्याचा ग्रंथ चोखंदळ गिऱ्हाइकासाठीच होता. आजही क्योतोमध्ये २००७ पासून एका जुन्या सामुराई घरात नेत्सुकेचे स्वतंत्र संग्रहालय आहे.

हा आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. संग्राहकाचे ऋण मानणे निराळे आणि त्याचे निकष स्वीकारणे निराळे. १७८१ चा रसिक नेत्सुके पारखत होता तो ते धारण करणाऱ्यांच्या जगात राहून. पारखलेली वस्तू दुसऱ्या दिवशी कमरेला जात असे. तो संदर्भ सुटल्यावर मेइजी काळात जे घडले ते बोलके आहे. इशिकावा कोमेइ (१८५२ ते १९१३) यांच्यासारख्या कुशल हस्तिदंतकारांनी 'ओकिमोनो' म्हणजे मांडून ठेवण्याची शिल्पे घडविली. ती प्रामाणिकपणे मांडणीसाठीच होती. परंतु बाजारात अशीही कामे आली की, ज्यांत नाजूक टोके बाहेर आलेली असून भोके मात्र नावापुरती पाडलेली आहेत. कोरणीच्या बारकाव्याने ही कामे पुष्कळदा जुन्या नेत्सुकेंना मागे टाकतात. बारकावा हाच निकष असेल, तर त्यांना श्रेष्ठ म्हणावे लागेल. आणि तसे म्हणताना आपले मन कचरते, याचाच अर्थ आपल्या मनात दुसरा एखादा निकष आधीच वावरत असतो.

तो निकष ललित लेखनात कधी कधी समीक्षेआधी प्रकट होतो. एडमंड डी वाल यांच्या २०१० मधील 'द हेअर विथ अँबर आइज' या ग्रंथात पॅरिसमध्ये शार्ल एफ्रुसी यांनी जमविलेल्या २६४ नेत्सुकेंचा व्हिएन्ना, तोक्यो व लंडन असा प्रवास आहे. लेखक व्यवसायाने कुंभकार आहेत, आणि एक नेत्सुके खिशात बाळगून, बोटांनी चाचपत ते हिंडतात. समीक्षकांनी या ग्रंथाकडे एका ज्यू कुटुंबाची शोकगाथा म्हणून पाहिले, ते योग्यच आहे. परंतु वस्तूला पुन्हा हाताशी जोडण्याची त्यातील कृती ही कलासमीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

६

आता कायद्याकडे वळू. ब्रिटनचा २०१८ मधील हस्तिदंतविषयक कायदा जून २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार हस्तिदंती वस्तूंच्या खरेदीविक्रीस सर्वसाधारण मनाई आहे. अपवादांपैकी एक असा की, १९१८ पूर्वीची आणि असामान्य कलात्मक, सांस्कृतिक वा ऐतिहासिक मूल्य असलेली वस्तू तज्ज्ञांच्या अभिप्रायानंतर प्रमाणपत्राने विकता येते. हत्तींच्या संहाराला आळा घालण्याचा हा हेतू निःसंशय योग्य आहे. मात्र त्यामुळे 'असामान्य कलात्मक मूल्य' म्हणजे काय, हे आता समीक्षेला सांगावे लागणार. सांगताना ती पुन्हा स्वाक्षरी आणि बारकावा यांकडेच बोट दाखवील, तर कमरेवर झिजलेले, बिनसहीचे, साधे पण अस्सल नेत्सुके गौण ठरेल आणि कपाटासाठी घडलेले चकचकीत काम मान्यता पावेल.

म्हणून तीन प्रश्न अग्रक्रमाने विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. हे लोंबते कसे? हातात बसते कसे? आणि कोणत्या इन्रोशी व ओजिमेशी ते नांदले असेल? कारागिराचे नाव हा चौथा प्रश्न असावा, पहिला नव्हे. संग्रहालयांनाही यात फारसा खर्च नाही. वस्तूखाली एक लहानसा आरसा ठेवला, तर तळ आणि भोके दिसतील. आणि एखाद्या तरी पेटीत नेत्सुके, ओजिमे व इन्रो पुन्हा एका दोरीने बांधून टांगले, तर पुष्कळ शब्दांचे काम वाचेल.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहांतून आलेल्या जपानी कलावस्तू आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी तेथे जावे, आणि प्रत्येक लहान वस्तूसमोर उभे राहून ती कोणी घडविली हे विचारण्याआधी ती कोणी आणि कशी वापरली, हे विचारण्याची सवय करावी.