इसेच्या अलीकडे

तीर्थयात्रेचे वर्णन तीर्थस्थळी पोचून संपावे, अशी वाचकाची सहज अपेक्षा असते. जपानी कवी बाशो याच्या ‘ओकु नो होसोमिची’ या प्रवासग्रंथाने ती पुरी केलेली नाही. १६८९ च्या वसंतात एदो सोडून उत्तरेचे प्रांत हिंडलेला हा कवी शरदात ओगाकीस येतो, शिष्यमित्रांचा निरोप घेतो आणि इसे येथील शिंतो मंदिराचा पुनर्निर्माण-सोहळा पाहण्यासाठी नावेत बसतो. ग्रंथ तेथेच थांबतो.

हा शेवट अपुरा म्हणावा काय? बाशो त्या वर्षी इसेला गेला होता. शिवाय ग्रंथाला अंतिम रूप आले ते १६९४ साली. दर्शनाचे वर्णन जोडण्यास अवधी पुष्कळ होता. तेव्हा ही विस्मृती नव्हे. ही निवड आहे.

तिचे मर्म त्या स्थळातच आहे. इसुझू नदीवरील पूल ओलांडून सूर्यदेवता अमातेरासूच्या मंदिराकडे गेलेला यात्रेकरू कुंपणाच्या दारापाशी थांबतो. आतील वास्तूचे तृणाच्छादित छप्परच काय ते त्याच्या दृष्टीस पडते. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हिनोकी वृक्षाच्या लाकडाचे तसेच नवे मंदिर उभारतात व जुने उतरवितात. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही प्रथा यादवीच्या काळात शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली होती. तरी २०१३ साली बासष्टावे पुनर्निर्माण पार पडले. जुन्या मंदिराचे प्रमुख खांब पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरणांसाठी वापरले जातात. जेथे समाप्ती हाच आरंभ, तेथे जाण्याचे वर्णन प्रस्थानाने संपावे, हे उचितच होय.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १६८४ च्या प्रवासात मुंडित मस्तकामुळे भिक्षू समजून बाशोला देवापुढे जाऊ दिले नव्हते. तो प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. नकार लिहिला, पण या ग्रंथात प्राप्ती लिहिली नाही. या संयमातच त्याची थोरवी आहे.

मात्र इसेची ही रीत ज्याला ठाऊक नाही, त्याला हा शेवट तुटक वाटणारच. म्हणून हा ग्रंथ शिकविणाऱ्याने अखेरच्या पानापाशी थोडे थांबावे आणि विद्यार्थ्यांना त्या मोकळ्या जागेविषयी सांगावे.