ट्रॅव्हर्सल : वाचनाची साक्ष आणि कृतीचे जतन

जुन्या ग्रंथाच्या जतनाचा विचार कागद, शाई व बांधणी यांपासून सुरू होतो. इलेक्ट्रॉनिक वाङ्मयाच्या जतनाचा विचार तेथून सुरू करता येत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा समोरच्या पोथ्यांतील पाठ भ्रष्ट असले तरी अक्षर डोळ्यांना दिसत होते. फ्लॉपीवरील कथेची स्थिती निराळी आहे. विशिष्ट यंत्र, त्याची कार्यप्रणाली आणि लेखकाने योजलेले सॉफ्टवेअर ही तिन्ही एकत्र असतील तरच ती वाचता येते. त्यांतील एक निकामी झाले, की अक्षर शाबूत असूनही ग्रंथ मुका होतो. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबी कंपनीने फ्लॅशची देखभाल थांबविली, तेव्हा त्या माध्यमात रचलेल्या अगणित कृतींवर एकाच वेळी हा प्रसंग ओढवला.

ह्यावर ग्रंथालयांनी सामान्यतः तीन उपाय योजिले : जुनी यंत्रे सांभाळणे, कृती नव्या माध्यमात उतरविणे, आणि नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे वर्तन हुबेहूब घडवून आणणे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या अभिलेखागारातील सेवकवर्गाने तिसरा उपाय अवलंबिला व २०१० साली सलमान रश्दी यांचा एक जुना मॅकिंटॉश संगणक अभ्यासकांसाठी अशा रीतीने पुन्हा ‘चालू’ केला. हस्तलिखिते व पत्रव्यवहार पाहण्यास हा उपाय उत्तम होय. परंतु ज्या कृतीत वाचकाची निवड हाच रचनेचा एक घटक आहे, तिच्याबाबत प्रश्न उरतोच : कृती चालू झाली, ती वाचली कशी जात असे?

श्रीमती डीन ग्रिगर व स्टुअर्ट मूल्थ्रॉप यांच्या ‘पाथफाइंडर्स’ (२०१५) व ‘ट्रॅव्हर्सल्स’ (२०१७) ह्या ग्रंथांनी ह्या प्रश्नास हात घातला, हे त्यांचे खरे महत्त्व. त्यांची पद्धती साधी आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या व्हँकूव्हर येथील प्रयोगशाळेत जुनी यंत्रे चालू स्थितीत राखली आहेत. अशा मूळ यंत्रावर लेखकाने व नंतर काही वाचकांनी कृती मोठ्याने वाचावयाची, वाट निवडताना मनात येणारे विचार बोलून दाखवावयाचे, आणि ह्या साऱ्याचे चित्रमुद्रण करावयाचे. ह्या प्रवासास ते ‘ट्रॅव्हर्सल’ म्हणतात. जॉन मॅकडेड यांची १९९३ मधील कृती तर पेटीतून येते. तीत फ्लॉपींबरोबर दोन ध्वनिफिती व छापील मुद्रितेही आहेत. ती उघडून हाताळण्याची रीत कोणत्याही सूचिपत्रात नोंदवून सांगता आली नसती. चित्रमुद्रणाने ती सांगितली.

तथापि येथेच पद्धतीची मर्यादाही दिसून येते. शेली जॅक्सन यांच्या ‘पॅचवर्क गर्ल’ (१९९५) मध्ये मेरी शेली यांच्या कादंबरीतील अपुरी राहिलेली राक्षसी पुन्हा घडविली जाते. तिचे अवयव निरनिराळ्या स्त्रियांचे. कथेचे खंडही तसेच तुटक. ते जोडणारे टाके वाचक घालतो, आणि प्रत्येक वाचकाचे टाके वेगळे पडतात. देहाची एकता हा भास असतो, हा कृतीचा आशय ह्या वेगळेपणातूनच प्रकट होतो. लेखिकेने स्वतः केलेला प्रवास मुद्रित झाला, म्हणजे त्यांतील एक शिवण कायमची ठरते. शिवाय लेखिकेचे नाव तिच्या पाठीशी असल्याने ती प्रमाण मानली जाण्याचा संभव फार. मायकेल जॉइस यांच्या ‘आफ्टरनून’ ह्या कथेत काही खंड वाचल्याखेरीज पुढचे काही दुवे उघडतच नाहीत. निवेदक जे सत्य टाळीत आहे, त्याच्याभोवती वाचकालाही फिरत राहावे लागते. हे अडणे दुसऱ्याचे पाहून कळते. अनुभवास येत नाही.

म्हणून ट्रॅव्हर्सलची जागा मूळ संहितेची नसून टीकाग्रंथाची आहे, असे म्हणणे युक्त ठरेल. टीका मूळ ग्रंथाचा अर्थ उजळते. पण टीका हाती आहे म्हणून कोणी पोथी विसर्जित करीत नाही. ग्रिगर व मूल्थ्रॉप यांनी यंत्रे टाकून दिलेली नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. धोका आहे तो त्यांच्या अनुकरणात. चित्रमुद्रण स्वस्त व सुवाह्य. जुने यंत्र जागा अडविते आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. ज्या ग्रंथालयास दोहोंपैकी एकच परवडते, ते काय ठेवील हे उघड आहे. तसे झाल्यास पुढील समीक्षक कृतीची नव्हे, तर कोणा एकाच्या वाचनाची समीक्षा करीत बसेल.

पाठभेदांचा प्रश्नही असाच. ज्यूडी मॅलॉय यांची ‘अंकल रॉजर’ ही कथा १९८६ पासून संगणकजाळ्यावर क्रमशः सांगितली गेली. पुढे ती ॲपल यंत्राच्या तबकडीवर आली आणि १९९५ मध्ये वेबवर. ह्यांपैकी कोणती प्रत वाचली, कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रणालीत, हे नोंदविणारा ग्रंथपाल केवळ साठा मोजीत नसतो. तो पाठचिकित्सेचा पहिला संस्कार करीत असतो. अशा सेवकाच्या निवृत्तीची वार्ता विद्यापीठाच्या वृत्तात दोन ओळींत आटोपते. त्याच्याबरोबर यंत्र चालविण्याची विद्या गेली की काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मराठीस हा प्रश्न परका नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या टंकांत जुळविलेला पुष्कळ मराठी मजकूर, तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडल्यास, निरर्थक रोमन चिन्हांची रांग म्हणून दिसतो. त्याचे रूपांतर करताना जोडाक्षरे चुकतात आणि नवे अपपाठ जन्मास येतात. एकनाथांना अपपाठ दुरुस्त करावयाचे होते. येथे अक्षर दृष्टीस पडावे ह्यासाठीच आधी टंक व यंत्र राखावे लागेल, आणि ते चालविणारा माणूसही.