भयाचा कुत्रा आणि सोबतीचा कुत्रा

पालमाहून लोह्याच्या वाटेस लागलें, कीं पुढें माळेगांवच्या खंडोबाचा मुलूख लागतो. या देवाजवळ कुत्रा असतो, आणि त्याचे वाघे स्वतःस देवाचे कुत्रे म्हणविण्यांत भूषण मानीत आले आहेत. या संस्कारांत वाढलेला वाचक आर्थर कॉनन डॉईल यांची ‘हाऊंड ऑफ दि बास्करव्हिल्स’ ही कादंबरी वाचूं लागला, म्हणजे त्याला सहज प्रश्न पडतो: इंग्रजांचा काळा कुत्रा एवढा भयंकर कां?

१९०२ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या या कथेंत कुत्र्याच्या जबड्यावरील तेज अखेर फॉस्फरसचें ठरतें. रहस्याची उकल म्हणून हें चोख आहे; लोकसमजुतीची उकल मात्र ती नव्हे. तीसाठीं मागें जावें लागतें. ४ ऑगस्ट १५७७ रोजीं बंगे येथील चर्चमध्यें, प्रार्थना चालू असतां, वादळांत दोघे दगावले. तेथील नोंदवहींत वादळच तेवढें आहे. काळा कुत्रा आला तो अब्राहम फ्लेमिंग यांच्या पुस्तिकेंतून, ईश्वरी कोपाचें चिन्ह होऊन. उलट एथेल रडकिन या विदुषीनें १९३८ सालीं लिंकनशायरमधील हकीकती प्रसिद्ध केल्या. त्यांतील कुत्रा बहुधा निरुपद्रवी, एकट्या बाईस रात्रीं सोबत करणारा आहे. भय लेखणीनें वाढविलें. सोबत लोकांच्या तोंडीं राहिली.

आमच्याकडे भय नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. रात्रीं कुत्रा रडला तर आजहि घरांतलें वडील माणूस दचकतें. ऋग्वेदांत यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे बसले आहेत. परंतु तेंच सूक्त मृतास त्यांच्याच हवालीं करण्याची विनंती यमास करतें. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांत असलेल्या नरसीचे नामदेव तर पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तूप घेऊन धांवले, ही कथा घरोघर ठाऊक आहे.

अंधाऱ्या वाटेवर मागून पावलें वाजलीं, म्हणजे मनुष्यास भीति वाटते आणि सोबतहि हवी असते. लोककथेनें हीं दोन्ही एकाच प्राण्याच्या ठायीं पाहिलीं. डॉईल यांनीं त्यांतील अर्धेंच उचललें. म्हणून त्यांचा कुत्रा गोळीनें मरतो व गोष्ट संपते. आमच्या भयकथाकारांनीं तो उसना आणण्यापूर्वीं स्वतःच्या दारांतला एकवार नीट पाहावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.